सीबीआर फाइल उघडतच नाही. कॉमिक्स कॉम्प्युटरवर वाचायची कशी?

तुमच्या मामांच्या पेनड्राइव्हमध्ये जुनी कॉमिक्स सापडली. काही फाइली सीबीआर, काही सीबीझेड. डबल क्लिक केलं की विंडोज 'कशात उघडू?' एवढंच विचारतं, आणि दुकानदार पैसे भरून सॉफ्टवेअर घ्या म्हणतोय. पैसे भरू नका, यात विकत घेण्यासारखं काहीच नाही.

सीबीझेड म्हणजे साधी झिप फाइल आणि सीबीआर म्हणजे रार, दोन्ही अनेक फाइली एकत्र बांधायचे प्रकार. आत पानांची चित्रं असतात, बहुधा जेपीजी. कोणीतरी एकेक पान स्कॅन करून गाठोडं बांधलं आणि नावाचं शेपूट, म्हणजे टिंबानंतरची अक्षरं, बदललं, की झालं कॉमिक. विंडोजवर सुमात्रा पीडीएफ हा प्रोग्रॅम टाका. फुकट आहे, आकाराने लहान आहे आणि दोन्ही प्रकार उघडतं. लिनक्सवर ओक्युलर चालेल.

तरीही एखादी फाइल हट्टाने उघडली नाही तर ती नोटपॅडमध्ये उघडून बघा. फाइल मोठी असेल तर थोडा वेळ लागेल. अगम्य चिन्हांचा कचरा दिसेल, घाबरू नका, फक्त सेव्ह करू नका. अगदी सुरुवातीला पी आणि के ही इंग्रजी अक्षरं असली तर ती झिप आहे, नाव काहीही असो. झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झची ती आद्याक्षरं. 'रार' आणि उद्गारचिन्ह दिसलं तर रार. नाव सीबीआर आणि आत झिप, असं बऱ्याचदा असतं. काही रीडर नावावर विसंबतात आणि तिथेच अडतात. मग शेपूट बदलून सीबीझेड करायचं. वेबपेजसारखा मजकूर दिसला तर डाउनलोडच चुकलेलं आहे, त्यात कॉमिक नाही.

शेपूटच दिसत नसेल तर विंडोज 11 मध्ये फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'शो', तिथे 'फाइल नेम एक्सटेन्शन्स'वर खूण करा. हे सगळ्यांनीच करावं असं मला मनापासून वाटतं, कारण ते लपलेलं असताना शेवटी ईएक्सई असलेली फाइलही, म्हणजे चक्क एखादा प्रोग्रॅम, कॉमिकसारखीच दिसते. तशी सापडली तर सरळ उडवा.

आता पानांच्या क्रमाबद्दल, कारण यात मी स्वतः फसलो होतो. आम्ही इंदूरचे, रामबागेत घर. बाबांनी जपून ठेवलेले वेताळाचे जुने अंक मी गेल्या उन्हाळ्यात स्कॅन केले. स्टेपलच्या पिना गंजून मधल्या पानांवर तपकिरी डाग पडले होते. पिना चिमट्याने सोडवताना कागद भुग्यासारखा हाताला लागायचा. पानांना 1, 2, 3 अशी नावं दिली, झिप केली, फोल्डरमध्ये क्रम बरोबर दिसला. बाबांच्या कॉम्प्युटरवरच्या रीडरमध्ये मात्र पहिल्या पानानंतर थेट दहावं! विंडोज आकड्यांचा हिशेब ठेवतं, पण काही रीडर अक्षरांसारखी तुलना करतात, आणि तिथे 10 हा 2 च्या आधी येतो. नावं 001, 002 अशी केली आणि सगळं जागेवर आलं. तुमच्या फाइलीत गोष्ट मध्येच तुटली तर आधी पानांची नावंच तपासा.

दोन पानांवर पसरलेली मोठी चित्रं अर्धी अर्धी बघू नका हो, चित्रकाराची सगळी मेहनत तिथे असते. सुमात्रात कंट्रोल आणि 8 दाबा. मुखपृष्ठ एकटं राहतं आणि पुढची पानं खऱ्या अंकासारखी समोरासमोर येतात. बाबांना हल्ली फुग्यांमधली बारीक अक्षरं चष्म्यानेही दिसत नाहीत. ते एकेकच पान ठेवून स्क्रीनभर मोठं करतात आणि संवाद मोठ्याने वाचतात. आई स्वयंपाकघरातून ऐकत असते.

आणि हे सगळं करण्याआधी मामांच्या पेनड्राइव्हमधलं एकूण एक कॉम्प्युटरवर कॉपी करून घ्या. जुना पेनड्राइव्ह कधी दगा देईल सांगता येत नाही.