हरिश्चंद्र बिडी ओढतो तेव्हा

प्रश्न : जत्रेला दशावतारात हरिश्चंद्राचं आख्यान बघताना, स्मशानाचा सीन होता, मी चक्क रडलो. सकाळी भावजी मला देवळामागे घेऊन गेले, तर तिथे अर्धा रंग पुसलेला राजा बिडी ओढत बसलेला. "तो बघ तुझो हरिश्चंद्र. मगे काल रडलंस कित्याक?" तेव्हापासून आमचा वाद चालू आहे. त्यांचं म्हणणं, नाटक-कादंबऱ्या म्हणजे खोटं बोलायचा धंदा. वर मी वाचत असलेल्या कादंबरीत 1965 साली रत्नागिरी स्टेशनात गाडी थांबते ते पान काढून म्हणाले, हे बघ, ढळढळीत खोटं! मी म्हटलं, कल्पना आहे ती. तत्त्वज्ञानवाले याला काय म्हणतात?
– एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : भावजी एकटे नाहीत हो, त्यांच्या बाकावर ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो बसलाय, त्याने आपल्या आदर्श नगरातून बहुतेक कवींना बाहेरचा रस्ता दाखवला होता. पण खोटं बोलायला आधी काहीतरी 'खरं आहे' म्हणून सांगावं लागतं ना. कवी तसा दावाच करत नाही, मग तो खोटारडा कसा, असा सरळ सवाल फिलिप सिडनी या इंग्रज कवीने केला, तो निबंध 1595 साली छापून आलाय.

आता हे वाक्य बघा : 'गुरुवारी पहाटे मासळी घेऊन येणारी होडी खडपावर आपटली.' पेपरात आलं तर तुम्ही आधी कुणाची होडी ते विचाराल, दोन फोन कराल, आणि बातमी चुकीची निघाली तर पेपरवाल्याला शिव्या घालाल. तेच वाक्य गोष्टीत आलं तर पान उलटता आणि पुढे वाचता. शब्द तेच, स्वल्पविरामसुद्धा तोच. जॉन सर्ल या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1975 साली नेमकं हेच मांडलं, की नुसत्या मजकुरावर भिंग लावून ही कथा की बातमी ते ओळखता येत नाही, फरक आहे तो लिहिणारा काय करतोय त्यात. सर्ल म्हणतात तो विधान केल्याचा आव आणतो, पण फसवायला नाही. ग्रेगरी करी या दुसऱ्या तत्त्वज्ञांना हा 'आव' पटत नाही, ते म्हणतात लेखक वाचकाला सांगतोय की यावर विश्वास नको ठेवूस, याची कल्पना कर. मला करींचं जास्त पटतं, पण हा वाद इथेच सोडू.

कारण मला बोलायचंय त्या बाकड्याबद्दल. दशावतारात सामान असतं काय, एक लाकडी बाकडं, बस. राजा बसला की ते सिंहासन आणि सीन बदलला की तेच आणखी काहीतरी, आणि मांडीवर झोपलेल्या पोराला घेऊन बसलेल्या आजीलाही कधी शंका येत नाही. केंडल वॉल्टन यांनी 1990 साली अख्खं जाडजूड पुस्तक या एका कल्पनेवर उभं केलं, की कथा-कादंबरी म्हणजे मोठ्यांची भातुकली. त्यांच्या उदाहरणात पोरं ठरवतात की रानातला प्रत्येक खुंट म्हणजे अस्वल. एकदा ठरलं की झुडपात लपलेला, कुणाच्याच नजरेला न पडलेला खुंटसुद्धा खेळापुरता अस्वलच. म्हणजे खेळ आहे म्हणून वाटेल ते चालतं असं नाही, नियम असतात. तुमचं बाकडं आणि कादंबरीतली वाक्यं, दोन्ही खेळातली वस्तूच.

मग रडू का येतं? कॉलिन रॅडफर्ड यांनी 1975 साली हाच प्रश्न टॉलस्टॉयच्या 'अ‍ॅना कॅरेनिना' कादंबरीतल्या अ‍ॅनाबद्दल विचारला. समजा एसटीत शेजारी बसलेला माणूस बहिणीच्या हालअपेष्टा सांगतोय, तुमचे डोळे भरून आले, आणि मग तो म्हणाला मला बहीणच नाही. तुमचं दुःख जागच्या जागी आटतं, उलट रागच येतो. पण अ‍ॅना नव्हतीच हे पहिल्यापासून ठाऊक असून आपण रडतो, तेव्हा हे रडणं विसंगत आहे असं म्हणून रॅडफर्ड मोकळे झाले (म्हणजे भावजींना अजून एक साथीदार मिळाला). मला वाटतं त्यांच्याच उदाहरणात उत्तर होतं. एसटीतल्या माणसाने दावा केला होता, तो मोडला. हरिश्चंद्राने कुठे दावा केला होता? बिडी ओढताना त्याने तुम्हाला दिलेला कुठला शब्द मोडला?

आणि एवढ्या लांब जायची गरजही नाही. आपल्याकडे शंकुक नावाच्या काश्मिरी पंडिताने हे हजारेक वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय, त्याचा ग्रंथ हरवला पण त्याच्यामागून आलेल्या अभिनवगुप्त या पंडिताने त्याचं मत नोंदवलंय. नट बघताना आपल्याला 'हाच राम' असं वाटत नाही, 'हा राम नव्हे' असंही नाही, 'असेल की नसेल' अशी शंका नाही, आणि 'रामासारखा आहे' असंही नाही. चित्रातला घोडा बघून आपण 'घोडा' म्हणतो, तसं. तो घोडा चारा खात नाही म्हणून कुणी चित्रकाराला खोटारडा म्हणत नाही. शंकुकावरही पुढे बरीच टीका झाली, पण तुमच्या देवळामागच्या भांडणात हा घोडा कामाला येईल.

राहिलं रत्नागिरी स्टेशन. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली 1998 साली, तेव्हा इथे मात्र मी थोडी भावजींकडे झुकते. डेव्हिड लुईस यांनी 1978 साली कथेतलं खरं कसं ठरवायचं यावर लिहिलं, त्याचा ढोबळ अर्थ असा की कथा जिथे वेगळं सांगत नाही तिथे बाकी जग आपल्या जगासारखंच धरायचं. शेरलॉक होम्सच्या घराचा नंबर 221 बी, त्या काळी बेकर स्ट्रीटवर तेवढे आकडेच नव्हते, पण कथेने ते स्पष्ट सांगितलंय, तेव्हा कथेपुरतं घर आहे. उलट होम्सचा मित्र वॉटसन, त्याची लढाईतली जखम एका कथेत खांद्याला आणि दुसरीत पायाला, ती सरळ चूक, लेखक विसरला. तुमच्या कादंबरीत गाडी अख्ख्या गोष्टीचं काही बदलत असेल, लोक मुंबईहून त्या गाडीनेच येत-जात असतील, तर तुम्ही जिंकलात. नुसतीच एका पानावर शिट्टी मारून गेली असेल तर लेखकाला पत्र टाका, बहुतेक कबूल करेल.