आठवड्यातून एकदा अजिंक्यतारा पुरेल का?

प्रश्न : वय 46, वजन 78 किलो. दर रविवारी घामाघूम होईपर्यंत अजिंक्यतारा झपाझप चढतो. बाकी आठवडा दुकानात बसून. सोमवारी सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं. एकूण कोलेस्टेरॉल 228, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 260, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 36, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 140. एवढं दमूनही आकडे असे का? पळायला सुरुवात करू का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : दमण्यात कसूर नाही, खाडे जास्त होताहेत. चढ चढल्यावर काही तासांनी पायांच्या स्नायूंत लायपोप्रोटीन लायपेज हे एन्झाइम जोर धरतं आणि रक्तातले ट्रायग्लिसराइड फोडून स्नायूंना पुरवतं. हा जोर दीड-दोन दिवसांत ओसरतो. मंगळवार संपेतो रविवारची कमाई खर्ची पडलेली असते. तुम्ही तर परिणाम भरात असताना रक्त दिलंत, म्हणजे 260 हा तुमचा त्यातल्या त्यात बरा आकडा असू शकतो! गड उतरल्यावर मिसळ-पाव आणि वर जिलेबी होत असेल, तर तोही फायदा बराचसा पुसला जातो. चढ-उतारात जाळलेल्या 300-400 कॅलरी एका बैठकीत परत येतात.

एचडीएलची चाल संथ. आठवड्याला किमान 120 मिनिटं व्यायाम नसेल तर ते फारसं हलत नाही. नियमित केला तरी साधारण तीन महिन्यांनी सरासरी 2-3 मिलिग्रॅमची वाढ दिसते, आणि तिथे वेगापेक्षा आठवड्याची एकूण बेरीज महत्त्वाची. त्यामुळे पळायला हरकत नाही. 150 मिनिटं भरभर चालण्याचं काम पळून साधारण 75 मिनिटांत होतं. पण ‘जितकं जोरात तितकं कोलेस्टेरॉल कमी’ हा हिशेब चुकीचा आहे.

एलडीएल नुसत्या व्यायामाला फारशी दाद देत नाही. त्यासाठी वजन, तळण, तूप-लोणी आणि गरज पडल्यास गोळी. शिवाय बहुतेक लॅब एलडीएल मोजत नाहीत, गणितानं काढतात. तुमचंच पाहा : 228 वजा 36, वजा 260 चा पाचवा भाग म्हणजे 52, उरले 140. उद्या ट्रायग्लिसराइड 160 वर आले आणि एकूण आकडा निदान 20 ने घसरला नाही, तर कागदावर एलडीएल वाढलेलं दिसेल. घाबरू नका. एकूणातून एचडीएल वजा करून उरणारा आकडा, आज 192, तो खाली येतोय का हे पाहा.

रविवारचा गड सोडू नका. त्याला मंगळवार, गुरुवार, शुक्रवारी 40-40 मिनिटं भरभर चालणं जोडा. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत. तुमच्या वयाला ही नाडी मिनिटाला 111 ते 132. महिनाभरानं गुरुवारी साताऱ्यातल्याच ‘चार भिंती’ टेकडीच्या चढावर 3 मिनिटं जोरात, 2 मिनिटं सावकाश, अशा 5 फेऱ्या. छातीत दडपण येत असेल किंवा मधुमेह असेल, तर या फेऱ्यांआधी डॉक्टरांना दाखवा. आठवड्यातून दोन दिवस बैठका, 10-12 च्या 3 फेऱ्या. बारा आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये, 10-12 तास उपाशी राहून तपासा. आदल्या दिवशी व्यायाम आणि आधीचे तीन दिवस दारू नको. ट्रायग्लिसराइड 500 च्या वर गेले तर मात्र व्यायामावर विसंबू नका. स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो.

प्रश्न : वय 58. रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल आणि कोलेस्टेरॉलसाठी ॲटोरव्हास्टॅटिन चालू आहे. रोज अर्धा तास कृष्णेच्या घाटाकडे चालते, पण घड्याळात नाडी 100 च्या वर जातच नाही. चालणं वाया जातंय का? आणि रोज चालते तर कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, ॲटेनोलॉल नाडीला वर चढू देत नाही. वयावरून काढलेला आकडा तुम्हाला लागू नाही, घड्याळ बाजूला ठेवा. बोलताना श्वास थोडा लागतोय ना? मग चालणं योग्य वेगात आहे. कोलेस्टेरॉलची गोळी मात्र मनानं बंद करू नका. ती एलडीएलवर जे काम करते ते चालण्यानं होत नाही. नवा व्यायाम सुरू केल्यावर मांड्या एक-दोन दिवस दुखणं साहजिक आहे. दोन्ही बाजूंचे स्नायू आठवडाभर दुखत राहिले तर डॉक्टरांना सांगा, आणि लघवी चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी दाखवा.