तुकडे नव्हे, तुकड्यांच्या कडा

प्रश्न : मी हौशी चित्रकार आहे. जवळच्या व्यक्तीच्या निधनानंतर त्या दुःखावर अमूर्त चित्रांची मालिका करायला घेतली. चेहरा, खोली, खुर्ची हे सारे मोडून त्यांचे तुकडे कॅनव्हासभर मांडले. पण पाहणारे ‘रंगसंगती छान आहे’ एवढेच म्हणतात. आकार आणखी बारीक तोडावेत का?

उत्तर : तोडू नयेत. सारख्या आकाराचे आणि सारख्या अंतरावरचे तुकडे डोळ्याला लय म्हणून जाणवतात, आणि लय ही मुळात सुखावणारी गोष्ट आहे. त्यामुळे तुकडे जितके बारीक कराल तितके चित्र नक्षीकडे झुकेल.

मोडतोड आपोआप भावना व्यक्त करत नाही, हे घनवादातच, म्हणजे वस्तू मोडून तिच्या अनेक बाजू एकत्र दाखवणाऱ्या शैलीतच, दिसून येते. पिकासोने १९१० मध्ये कलाव्यापारी कानवायलर यांचे जे व्यक्तिचित्र रंगवले, त्यात माणूस इतका विभागला गेला आहे की जुळवलेले हात, घड्याळाची साखळी अशा मोजक्या खुणांवरूनच तो ओळखावा लागतो. तरीही ते पाहताना गलबलून येत नाही, कारण करड्या-तपकिरी रंगांतली ती प्रतले (सपाट तुकडे) एकमेकांत शांतपणे मिसळत जातात आणि तिथला शोध पाहण्याच्या रीतीचा असतो. त्याच चित्रकाराने १९३७ मध्ये ‘रडणारी स्त्री’ रंगवली (काटेकोर अर्थाने यांतले एकही चित्र अमूर्त नव्हे, पण आपल्या प्रश्नापुरते ते चालेल). जेमतेम ६१ बाय ५० सेंटिमीटरच्या या चित्रात चेहरा पिवळा-हिरवा आहे. मात्र तोंड, दात आणि रुमाल यांपाशी येताच रंग एकाएकी निळसर पांढरा, थंडगार होतो आणि कडा फुटक्या काचेसारख्या धारदार होतात. फुटणे तिथे एकवटले आहे आणि भोवतालचा चेहरा ओळखण्याइतका शाबूत आहे. काय मोडले हे कळायला काय अखंड होते याची खूण चित्रात कुठेतरी उरावी लागते, आणि माझ्या मते तुमच्या चित्रांत नेमकी तीच पुसली गेली असावी.

भारतीय चित्रकार तैयब मेहता यांनी १९६९ च्या सुमारास कॅनव्हासवर तिरपी रेषा आणली आणि आकृती दुभंगली. सपाट रंगांच्या त्या मोठ्या क्षेत्रांत तेवढा एक छेद पुरेसा बोलतो.

जर्मन कलावंत कुर्ट श्विटर्सचा मार्ग वेगळा होता. पहिल्या महायुद्धानंतर त्याने वापरलेली तिकिटे, वेष्टने, कागदाचे कपटे जोडून चित्रे केली, आणि त्यांना दिलेले ‘मर्झ’ हे नावदेखील ‘कोमेर्झ’ (व्यापार) या जर्मन शब्दाचा तुटका अंश होते. दिवंगत व्यक्तीचे पत्र चिकटवण्याचा मोह तुम्हालाही होईल. पण अक्षरे वाचता आली की पाहणारा वाचू लागतो आणि चित्र मागे पडते. चिकटवायचेच असेल तर पाठकोरी बाजू वर ठेवावी.

पुढच्या चित्रात बहुतेक पृष्ठभाग तसाच मोकळा राखून एकाच जागी आकार फोडा. तिथल्या दोन कडा जुळतील असे वाटावे, पण जुळू नयेत, इतकेच अंतर त्यांच्यात ठेवा. हे आधी केवळ कोळशाने करून पाहावे. मग रंगसंगतीची स्तुती करायला कोणाला वावच उरणार नाही.