वाचकांचे प्रश्न : अ‍ॅप्लिकसाठी कटिंग मशीन कोणते घ्यावे?

प्रश्न : मी आणि माझ्या जाऊबाई घरी तान्ह्या पोळ्यातील लाकडी बैलांच्या झुली, उशांचे अभ्रे आणि लहान मुलांचे फ्रॉक यांवर अ‍ॅप्लिकचे, म्हणजे कापडाचे कापलेले आकार वर शिवण्याचे, काम करतो. कापड बहुतेक इतवारी-गांधीबागेतून आणलेल्या कतरणीचे असते. आता टी-शर्टवर उष्णतेने चिकटणारी नावे टाकून द्याल का, अशीही विचारणा होऊ लागली आहे. दोन्ही कामांना एकच कटिंग मशीन चालेल का? चालत असल्यास कोणते घ्यावे?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : एक मशीन चालेल, मात्र त्याची परीक्षा आपल्या कापडावर घ्यावी, नावांसाठी लागणाऱ्या व्हिनाइलवर (प्लास्टिकच्या पातळ थरावर) नव्हे. उष्णतेने चिकटणारे व्हिनाइल पारदर्शक आवरणावर घट्ट बसवलेले असते आणि जागचे हलत नाही, त्यामुळे साध्या मशीनचे टोकदार पातेही ते सफाईने कापते. सुती कापडाचे तसे नाही. तेच पाते त्यावरून ओढले गेले की धागे सोबत खेचले जातात, कडेला दशा निघतात आणि कोपरे अर्धवट कापले जातात.

यावर उपाय म्हणून दुकानदार फिरत्या गोल पात्याचे महाग मॉडेल दाखवतात. क्रिकट कंपनीच्या मेकर या मॉडेलला असे पाते बसते आणि ते मशीन सुमारे ४ किलोपर्यंत दाब देते. त्याच कंपनीच्या एक्स्प्लोर मालिकेत हा दाब सुमारे ४०० ग्रॅम असून तिला फिरते पाते बसत नाही. गोधडीसाठी नुसते कापड कापायचे असेल, तर हे पाते उत्तमच आहे. अ‍ॅप्लिकसाठी मात्र ते अनिवार्य नाही, हे मी आग्रहाने सांगेन. तुकडा शिवण्यापूर्वी जागेवर चिकटून राहावा म्हणून आपण त्याच्या मागे इस्त्रीने चिकटणारा फ्युझिंगचा थर लावतच असाल. तोच थर कापण्याआधी लावला, तर कापडाला कडकपणा येतो आणि साधे टोकदार पातेही ते स्वच्छ कापते. शिवाय फिरत्या पात्याला लहान वळणे घेता येत नाहीत. सुमारे २ सेंटिमीटरपेक्षा लहान आकार त्याच्याकडून नीट निघत नाहीत, आणि बैलाची शिंगे, घुंगरे, फुलांच्या पाकळ्या ही आपली नक्षी तर नेमकी त्याच मापाची असते.

आपल्या कामाचा मोठा भाग कतरणीवर चालतो, म्हणून माझा कल ब्रदर कंपनीच्या स्कॅनएनकटकडे आहे. त्यात स्कॅनर अंगचाच असतो. मॅटवर (कापताना कापड धरून ठेवणाऱ्या चिकट तक्त्यावर) चिकटवलेली वेडीवाकडी चिंधी पडद्यावर दिसते आणि आकार तिच्या नेमक्या कोणत्या भागावर, कोणत्या छापील फुलाभोवती बसवायचा, हे संगणकाविना ठरवता येते. ज्यांचे कापड ताग्यातून येते, त्यांना या सोयीचा फारसा उपयोग नाही. परदेशातील नातेवाइकांकडून मशीन मागवणार असाल, तर त्यावरील व्होल्टेजची पट्टी आधी पाहा. अमेरिकेतील वीज १२० व्होल्टची आहे, आपली २३० व्होल्टची.

टी-शर्टच्या नावांसाठी लगेच वेगळी गुंतवणूक करू नये. वाहनांवरचे रेडियम कापून देणाऱ्यांकडील प्लॉटरवर (संगणकावरील आकार पात्याने कापणाऱ्या यंत्रावर) हे व्हिनाइलही कापता येते, तेव्हा पहिल्या काही ऑर्डर त्यांच्याकडून कापून घ्याव्यात. अक्षरे उलटी, म्हणजे आरशात दिसतात तशी द्यावी लागतात, कारण व्हिनाइल मागच्या बाजूने कापले जाते आणि पाते आवरणापर्यंत पोहोचून तिथेच थांबायला हवे. अ‍ॅप्लिकचे कापड सुलट बाजू वर ठेवून कापत असाल, तर आकार उलटवू नका. दोन्ही कामे एकाच दिवशी करणाऱ्यांचा माल बहुधा इथेच वाया जातो.

वाचलेले पैसे हीट प्रेसमध्ये, म्हणजे तापलेल्या सपाट पाट्याने दाबणाऱ्या यंत्रात, घालावेत. पॉलियुरेथेनच्या बहुतेक व्हिनाइलना सुमारे १५० ते १६० अंश सेल्सिअस तापमान आणि १० ते १५ सेकंद लागतात. नेमका आकडा उत्पादकाच्या सूचनेप्रमाणेच घ्यावा. घरच्या इस्त्रीत उष्णता व दाब सगळीकडे सारखा मिळत नाही आणि धुलाईनंतर अक्षरांच्या कडा सुटतात. उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरशिवाय बसणे अशक्य असते, पण कूलरच्या दमट हवेतले कापड ओलावा धरते, म्हणून व्हिनाइल ठेवण्यापूर्वी टी-शर्ट काही सेकंद नुसताच दाबून कोरडा करावा. अ‍ॅप्लिकचे सुती कापड कापण्यापूर्वी धुऊन घ्यावे. नाहीतर पहिल्या धुण्यात तुकडा आटतो आणि भोवतीच्या सॅटिन (दाट, जवळजवळ घातलेल्या) टाक्यांना चुण्या पडतात.

प्रश्न : लेझर कटरने कापड आणि व्हिनाइल दोन्ही वेगाने कापले जाते, असे ऐकतो. छोट्या कारखान्यासाठी तो घ्यावा का?
– एक वाचक, हिंगणा मार्ग, नागपूर

उत्तर : पॉलिस्टरसाठी जरूर विचार करावा, कारण लेझरने त्याची कड वितळून बंद होते आणि दशा निघत नाहीत. सुती कापडाची कड मात्र तपकिरी होऊ शकते. पीव्हीसीचे कोणतेही व्हिनाइल लेझरखाली ठेवू नये. त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, जो कामगारांच्या फुप्फुसांना इजा करतो आणि यंत्राचे धातूचे भागही गंजवतो. रोल नुसता पाहून तो पीव्हीसीचा की पॉलियुरेथेनचा हे कळत नाही. तेव्हा पुरवठादाराकडून घटकद्रव्यांची लेखी माहिती मागावी, आणि ती मिळेपर्यंत तो रोल पात्याच्या मशीनवरच कापावा.