निवेदन पाठवण्याआधी

प्रिय,

मसुदा वाचला. घरगुती थ्रीडी प्रिंटरवर बंधनं घालू पाहणाऱ्या अमेरिकेतल्या विधेयकांना तुझा विरोध आहे, तो मांडच. पण पहिला परिच्छेद आधी काढून टाक. "छापलेली बंदूक एका गोळीत फुटते, मग भीती कसली?" हा मुद्दा 2013 सालातच राहिला. टेक्सासच्या डिफेन्स डिस्ट्रिब्यूटेड या संस्थेने तेव्हा 'लिबरेटर' या छापता येणाऱ्या पिस्तुलाची फाईल नेटवर टाकली, एटीएफ या सरकारी यंत्रणेच्या चाचणीत एका प्लास्टिकच्या नमुन्याच्या ठिकऱ्या उडाल्या आणि तेच चित्र लोकांच्या डोक्यात बसलं. आज सापडणाऱ्या बंदुका बऱ्याचदा मिश्र असतात: सांगाडा छापलेला, दाब सोसणारे भाग धातूचे. त्या चालतात. विधेयकावरच्या सुनावणीला गोळीबारात माणूस गमावलेलं कुटुंब आलेलं असू शकतं. त्यांच्यासमोर धोकाच नाकारलास तर तुझं पुढचं कोणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये.

आता विधेयक हातात घे आणि एकच गोष्ट शोध: कायदा नेमकं काय धरतोय? वस्तू, फाईल, यंत्र की माणूस? हे चार वेगळे प्रश्न आहेत आणि तुझ्या मसुद्यात त्यांची खिचडी झाली आहे. वस्तू धरणारे नियम अमेरिकेत जुनेच आहेत. धातुशोधक यंत्राला सापडणार नाही अशा बंदुकीवर 1988 पासून बंदी आहे. सुटे भाग जोडून बंदूक बनवायच्या किटवर अनुक्रमांक आणि विक्रेत्याला परवाना हवा, हा 2022 चा नियम सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये उचलून धरला. पिस्तूल स्वयंचलित करणारा छोटा 'स्विच' तर कायद्याच्या नजरेत स्वतःच मशीनगन आहे, शिक्षा 10 वर्षांपर्यंत. या नियमांना विरोध करू नकोस. ते योग्य आहेत आणि त्यांची अंमलबजावणी करता येते.

वाद खरा यंत्रावर आहे. न्यूयॉर्कमध्ये 2023 साली प्रिंटर घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासावी असं विधेयक आलं. 2025 मध्ये मॅनहॅटनचे सरकारी वकील अल्विन ब्रॅग यांनी प्रिंटर बनवणाऱ्या क्रिएलिटी कंपनीला पत्र लिहून, बंदुकीचे भाग ओळखून अडवणारं सॉफ्टवेअर प्रिंटरमध्ये घाला, अशी मागणी केली. इथे तुझं ज्ञान कामाला येतं, म्हणून इथे सविस्तर लिही.

प्रिंटरला आकार दिसतच नाही. संगणकावरचं स्लायसर हे सॉफ्टवेअर मॉडेलचे थर पाडतं आणि प्रिंटरकडे जातात त्या फक्त जी-कोडच्या, म्हणजे हालचालींच्या आज्ञांच्या, ओळी: "जी1 एक्स42.5 वाय18 ई0.03", म्हणजे नॉझल (प्लास्टिक सोडणारी तोटी) या बिंदूपर्यंत ने, जाताना इतकं फिलामेंट (प्लास्टिकची तार) ढकल. फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरच्या बोर्डातलं सॉफ्टवेअर, एक ओळ वाचतं, मोटर फिरवतं, पुढची ओळ घेतं. अजून वापरात असलेल्या कितीतरी जुन्या बोर्डांवर एटीमेगा2560 ही चिप आहे. तिची रॅम 8 किलोबाइट. लाखभर ओळींतून आकार पुन्हा उभा करून तो कशाचा आहे हे ठरवणं तिच्या आवाक्याबाहेरचं आहे. मग तपासणी स्लायसरमध्ये किंवा कंपनीच्या सर्व्हरवर जाते, आणि प्रत्येक माणसाची प्रत्येक फाईल तिसऱ्याच्या हाती पडते. हे वाक्य मसुद्यात नाही. घाल.

एक प्रयोग करून निकाल जोड. भिंतीवरच्या साध्या हुकाची एसटीएल फाईल (थ्रीडी मॉडेलची फाईल) घे, तिचा एसएचए-256 हॅश, म्हणजे फाईल ओळखायचा ठशासारखा आकडा, काढ. मॉडेल 1 अंशाने फिरवून पुन्हा एक्स्पोर्ट कर, परत हॅश काढ. दोन्हींत काहीच साम्य उरणार नाही, कारण एसटीएल म्हणजे त्रिकोणांची यादी आणि प्रत्येक बिंदूचा आकडा बदललेला असतो. म्हणून नुसती "बंदी असलेल्या फायलींची यादी" पुरत नाही. कोणी फोटोकॉपी यंत्रांचा दाखला देईल, ती नोटा ओळखतातच की! नोटेवर त्यासाठी मुद्दाम ठरावीक ठिपके छापलेले असतात. नळी, मूठ किंवा खाच असलेल्या तुकड्यावर अशी खूण नसते.

आकारावरून ओळखणारी प्रणाली हॅशपेक्षा बरी, पण ती चुकते दोन्हीकडून. तिच्याबद्दल आकडे माग: हजार निरुपद्रवी कामांत किती अडली? अडलेलं कोण सोडवणार, किती वेळात? शाळेच्या प्रयोगशाळेत रोज 50 छपाया होत असतील आणि चुकीचं अडवण्याचं प्रमाण 2 टक्के असेल, तर रोज एका मुलाचं काम विनाकारण थांबेल. व्याख्याही तपास. स्टेपर मोटर, बोर्ड आणि मोफत फर्मवेअर वापरून घरी जोडलेला प्रिंटर "विक्रेता" या शब्दात बसतो का? बसत नसेल तर कुलूप फक्त प्रामाणिक गिऱ्हाइकाच्या यंत्राला लागेल.

बंदुकीच्या फाईलबद्दल मात्र जपून. अभ्यासासाठी म्हणूनही असली फाईल उतरवू नकोस. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये ती परवान्याविना नुसती बाळगण्याला 14 वर्षांपर्यंत कैद आहे. सिंगापूरनेही 2021 च्या कायद्यात तो गुन्हा ठरवला. कॅनडाने 2023 मध्ये हेतूची अट घातली: बंदूक बनवण्याच्या किंवा विकण्याच्या इराद्याने बाळगली तर गुन्हा. तुला पर्याय सुचवायचा असेल तर हे हेतूचं कलम सुचव, ते मला सगळ्यांत समंजस वाटतं.

तुमच्या सामायिक वर्कशॉपची नियमावली निवेदनाला जोडणार असशील तर आधी ती नीट कर. बाहेरून आलेला तयार जी-कोड चालवायचा नाही, मूळ मॉडेलच मागायचं. स्लायसरच्या प्रिव्ह्यूमध्ये थर वरखाली सरकवून बघायचे. नोंदवहीत नाव, भाग आणि उपयोग लिहायचा. उपयोग सांगता येत नसेल तर काम घ्यायचं नाही. सगळं दोन पानांत बसव, हुकाचा प्रयोग पहिल्या पानावर घे, आणि विधेयकावरच्या तुझ्या प्रत्येक आक्षेपासमोर कलमाचा क्रमांक लिही.