दिवा विझलेला, तरी इंजिन तापट

प्रश्न : मी चार गिअरची जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली आहे. गिअरच्या दांड्यावरील बटण दाबले की समोर ‘ओ/डी ऑफ’ असा दिवा लागतो. एरवी तो विझलेलाच असतो. म्हणजे ओव्हरड्राइव्ह बंद पडला आहे काय? द्रुतगती मार्गावर इंजिनाचा आवाजही फार येतो.
— एक वाचक, पनवेल

उत्तर : या दिव्याने पुष्कळांना चकवले आहे. तो लागला म्हणजे ओव्हरड्राइव्हला, अर्थात सर्वांत वरच्या चौथ्या गिअरला, मज्जाव आणि विझला म्हणजे मुभा, असा त्याचा अर्थ आहे. खंडाळ्याच्या घाटात बटण दाबून गाडी तिसऱ्या गिअरपर्यंतच ठेवणे योग्य. फक्त घाट संपल्यावर ते पुन्हा दाबायचे राहून जाते.

मात्र दिवा केवळ बटणाची स्थिती सांगतो. चौथा गिअर खरोखर पडला की नाही, याची साक्ष टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या मापकाचा, काटा देतो. अशा बहुतेक गाड्यांत तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर (गिअरबॉक्समधून बाहेर जाणाऱ्या दांड्याच्या एका फेरीमागे इंजिनाच्या किती फेऱ्या) १ आणि चौथ्याचे, म्हणजे ओव्हरड्राइव्हचे, ०.७ च्या आसपास असते. त्यामुळे इंजिन चांगले तापल्यावर, मोकळ्या व सपाट रस्त्यावर ८० च्या स्थिर वेगाने जाताना काटा २,००० वर असेल, तर बटण दाबताच तो २,८०० च्या आसपास चढला पाहिजे आणि पुन्हा दाबल्यावर खाली आला पाहिजे. (काटा पाहण्याचे काम शेजारी बसलेल्यावर सोपवावे.) काटा मुळातच वर असून बटणाने जराही हलत नसेल, तर गाडी तिसऱ्यातच अडकली आहे. दोन-तीनशे फेऱ्यांची लहानशी घट दिसली, तर तिला गिअर समजू नये. ते बहुधा टॉर्क कन्व्हर्टरचे, म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणाऱ्या भागाचे, घसरण थांबवून लॉक होणे असते.

तरीही लगेच गिअरबॉक्स उघडू देऊ नका. इंजिन थंड असेपर्यंत अनेक गाड्यांचा संगणक ओव्हरड्राइव्ह देतच नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला) रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडाच अडकला असेल, तर कूलंट पुरेसे तापत नाही आणि गिअरबॉक्स ठणठणीत असूनही चौथा गिअर पडत नाही. तेव्हा अर्ध्या तासाच्या प्रवासानंतरही तापमानाचा काटा खालीच रेंगाळतो का, हे आधी पाहावे. नंतर गिअरबॉक्समधील तेलाची पातळी तपासावी आणि त्याला जळका वास येतो का, तेही पाहावे. दिवा आपणहून लुकलुकत असेल, तर मात्र संगणकाने बिघाडाची नोंद केलेली असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी मेकॅनिककडून स्कॅनर लावून तो कोड वाचून घ्यावा, आणि मगच कोणता भाग बदलायचा ते ठरवावे.