पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर पहिल्यांदा जातोयस ना?

रविवारी संध्याकाळी मुळीच जाऊ नकोस. चौपाटीवर कणसांच्या गाड्या आणि वाहनांची रांग, एवढंच दिसेल. थंडीत, उजाडता उजाडता पोच. धुकं विरत असताना काठच्या चिखलात शेकाट्या हे पाणपक्षी लांब गुलाबी पायांवर हलकेच चालताना दिसतात, दुर्बीण नसली तरी चालेल. एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, पीकॉक बेमध्ये छात्र शिडाच्या होड्या चालवायला शिकतात. तिथे आपल्याला सहज जाता येत नाही. पाण्यात मात्र उतरू नकोस, तळाचा गाळ पाय धरून ठेवतो. आणि धरणाच्या भिंतीकडे जरा थांबून बघ. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं आणि नदीकाठचं पुणं बुडालं. आमच्या आजीच्या घरात पाण्याची खूण पार छताजवळ होती.